गर्द लाल लघुगुलाबाची वंशावळ : 'रूलेती' ते 'ब्लॅक जेड'

प्रस्तावना

गुलाबाच्या इतिहासाचे लेखन बहुधा मोठ्या फुलांभोवती फिरत आले आहे. 1867 मधील 'ला फ्रान्स', दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत विक्रीस आलेला 'पीस' आणि अशाच काही संकरी चहा-गुलाबांची नावे प्रत्येक ग्रंथात आढळतात. कुंडीत, गॅलरीत किंवा वाफ्याच्या काठावर वाढणारा लघुगुलाब, ज्याला आपल्याकडे रोपवाटिकेत सरसकट 'मिनिएचर' किंवा 'बटण गुलाब' म्हटले जाते, तो मात्र या इतिहासात तळटीपेपुरता येतो. वास्तविक एका लहानशा झुडपाच्या प्रवासात वनस्पतिशास्त्र, व्यापार, पेटंटचा कायदा आणि हौशी बागाईतदारांचे परिश्रम यांची जी गुंतागुंत दिसते, ती मोठ्या फुलांच्या इतिहासात क्वचितच इतकी स्पष्टपणे हाती लागते.

प्रस्तुत लेखात गर्द लाल रंगाच्या लघुगुलाबाची घडण तपासली आहे. 1985 मध्ये अमेरिकेत आलेला 'ब्लॅक जेड' हा वाण अभ्यासाचा केंद्रबिंदू मानून त्याची वंशावळ मागे मागे शोधली आहे. ही वंशावळ तपासण्यामागे एक प्रश्न आहे. लघुगुलाबाचे श्रेय प्रचलित कथनात दोनतीन व्यक्तींना दिले जाते : शोध लावणारा स्विस लष्करी डॉक्टर, पहिला संकर करणारा डच माळी आणि या वर्गाचा 'पिता' म्हणून गौरविलेला अमेरिकन संकरकार. वंशावळीचा कागद या कथनाला कितपत आधार देतो, हे पाहणे आवश्यक आहे.

लघुगुलाब म्हणजे काय

केवळ बुटके झुडूप म्हणजे लघुगुलाब नव्हे. गुलाबाच्या अनेक वर्गांत ठेंगणी झुडपे आढळतात, पण त्यांची फुले व पाने मोठीच राहतात. लघुगुलाबात झुडपाची उंची, पेरांमधील अंतर, पान, काटा, कळी आणि फूल या सर्वांचे प्रमाण एकत्र लहान होते. छायाचित्रात शेजारी मापपट्टी नसेल, तर चांगला लघुगुलाब मोठ्या गुलाबापासून ओळखता येत नाही, असे प्रदर्शनातील परीक्षक म्हणतात ते याच अर्थाने. फूल साधारणपणे दोन ते चार सेंटीमीटर व्यासाचे आणि झुडूप पंचवीस ते साठ सेंटीमीटर उंचीचे असते. याहून मोठे पण फ्लोरिबंडाहून लहान अशा वाणांची संख्या इतकी वाढली, की अमेरिकन रोझ सोसायटीने 1999 मध्ये 'मिनिफ्लोरा' हा स्वतंत्र वर्ग मान्य केला.

आणखी एक भेद व्यवहारातला आहे. मोठे गुलाब सामान्यतः दुसऱ्या जातीच्या खुंटावर डोळा भरून तयार केले जातात. लघुगुलाबाची अभिवृद्धी पाश्चात्त्य देशांत मुख्यतः छाट कलमाने होते, म्हणजे रोप स्वतःच्याच मुळांवर वाढते. जोमदार खुंटावर डोळा भरला तर रोप लवकर विकाऊ होते, परंतु त्याचे प्रमाण बिघडून ते वाजवीपेक्षा उंच होण्याचा धोका राहतो. आपल्याकडील पुष्कळ रोपवाटिकांत तयार रोपांची निकड मोठी असल्यामुळे डोळा भरण्याची पद्धत लघुगुलाबालाही लावली जाते, आणि मग 'मिनिएचर' म्हणून आणलेले झाड दुसऱ्या वर्षी कठड्याच्या वर जाते, अशी तक्रार ऐकू येते. ही तक्रार नवी नाही. लघुगुलाबाच्या अगदी पहिल्या कथेतही आकाराचा हाच घोळ आहे.

मोबोर्जेची खिडकी

स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतात, ज्यूरा पर्वताच्या उतारावर मोबोर्जे नावाचे छोटे गाव आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात स्विस लष्करातील डॉक्टर रूले यांना तेथील घरांच्या खिडक्यांत, लहान कुंड्यांत वाढवलेली अत्यंत बुटकी गुलाबाची रोपे दिसली. काही इंचांच्या या झुडपांना गुलाबी रंगाची दुहेरी फुले जवळजवळ वर्षभर येत. गावकऱ्यांच्या सांगण्यानुसार ही रोपे शंभर वर्षांहून अधिक काळ तेथील कुटुंबांत होती. रूले यांनी ही गोष्ट जिनिव्हाचे वनस्पतिज्ञ व रोपवाटिकाचालक हेन्री कोरवों (1854-1939) यांना सांगितली. कोरवों तेथे पोहोचले तेव्हा गाव आगीत भस्मसात झाले होते. जवळच्या ओनान गावातील एका स्त्रीकडे एक रोप शिल्लक असल्याचे कळले आणि त्या रोपाचे फाटे घेऊन कोरवों यांनी त्याची वाढ केली. 1922 मध्ये त्यांनी त्याचे 'रोझा रूलेती' असे नामकरण केले.

ही कथा गुलाबावरील असंख्य पुस्तकांत पुनःपुन्हा आली आहे व ती मोहक आहे यात शंका नाही. परंतु इतिहासलेखनाच्या दृष्टीने तिच्यातील दोन बाबी खटकतात. पहिली बाब नावाची. कोरवों यांनी या रोपाला लॅटिन द्विनाम दिल्यामुळे ती एखादी नवी जाती असल्याचा समज पसरला. प्रत्यक्षात हे रोप चिनी गुलाबाचे, म्हणजे 'रोझा चायनेन्सिस' या जातीचे, बागेत जोपासलेले बुटके रूप होते. ज्यूरा पर्वतात गुलाबाची अशी सदाफुली जाती नैसर्गिकरीत्या उगवणे संभवत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपात जवळजवळ सर्वच गुलाब वर्षातून एकदा फुलत, शरद ऋतूत पुन्हा थोडी फुले देणारा दमास्क गुलाबाचा प्रकार हा अपवाद होय. बाराही महिने फुलण्याचा गुण आला तो चिनी बागांतून.

दुसरी बाब अशी, की ही बुटकी रूपे युरोपला मुळीच अपरिचित नव्हती. 1815 मध्ये 'कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन'मध्ये बुटक्या चिनी गुलाबाचे चित्र छापले गेले. गुलाबाची चित्रे काढणाऱ्या मेरी लॉरेन्स यांच्या नावावरून त्याला 'मिस लॉरेन्सचा गुलाब' म्हणत. हे रोप मॉरिशसमार्गे इंग्लंडला पोहोचल्याचे तत्कालीन लेखकांनी नोंदवले आहे. पुढील दोन-तीन दशकांत 'फेअरी रोझ' या नावाने अशी रोपे वाफ्यांच्या काठाला लावली जात. पॅरिसच्या फुलबाजारात 'पाँपों द पारी' हा 1839 च्या सुमाराचा वाण कुंडीत विकला जाई. नंतर मोठ्या फुलांची 'हायब्रिड पर्पेच्युअल' जात लोकप्रिय झाली आणि ही चिमुकली रोपे बाजारातून हटली. बाजारातून हटलेली वस्तू घरातून हटतेच असे नाही. मोबोर्जेच्या खिडक्यांत जे टिकले ते याच विस्मृत व्यापाराचे अवशेष असावेत, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. 'रूलेती' आणि 'पाँपों द पारी' हे एकच रोप आहे की दोन निकटवर्ती रोपे आहेत, याविषयी गुलाबतज्ज्ञांत मतभेद आहेत. मात्र ती एकाच कुळातील आहेत याविषयी वाद नाही.

कुंडीतील रोप काही इंचांचे होते आणि मोकळ्या जमिनीत लावल्यावर तेच फूटभर वाढले, ही गोष्टही येथे नोंदवली पाहिजे. म्हणजे कोरवों यांना जे अतिलघुत्व जातीचे लक्षण वाटले, त्यातील एक हिस्सा कुंडीच्या आकाराचा होता. मुळांना जागा कमी, खत बेताचे आणि छाटणी नित्याची, या घरगुती शिस्तीने रोप लहान राखले होते. 'रूलेती' या नावात डॉक्टर आहेत. ती शिस्त पिढ्यान्‌पिढ्या पाळणाऱ्या घरांचे नाव कोठेच नाही.

लाल रंग आला कोठून

'रूलेती' गुलाबी होता. त्याच्या वंशात गर्द लाल रंग कसा आला, हे समजण्यासाठी आणखी मागे जावे लागते.

युरोपातील जुने 'गॅलिका' गुलाब लाल असत, पण तो लाल रंग फूल जुने होताना जांभळट, निळसर पडे. शुद्ध किरमिजी आणि जांभळा न पडणारा लाल रंग युरोपीय बागेत आणण्याचे श्रेय 'स्लेटर्स क्रिमझन चायना' या चिनी गुलाबाला दिले जाते. लंडनजवळ राहणाऱ्या गिल्बर्ट स्लेटर यांच्या बागेत तो 1791 च्या सुमारास फुलला. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका जहाजाच्या कप्तानाने तो 1789 मध्ये कलकत्त्याहून आणला, असे केंब्रिजचे आनुवंशिकीतज्ज्ञ सी. सी. हर्स्ट यांनी नमूद केले आहे. आधुनिक गुलाबाचे जे चार चिनी पूर्वज हर्स्ट यांनी निश्चित केले, त्यांत स्लेटर यांचा हा गुलाब पहिला येतो.

या प्रवासातील कलकत्त्याचा मुक्काम दुर्लक्षण्याजोगा नाही. शिबपूर येथील कंपनीची वनस्पती उद्यानसंस्था 1787 मध्ये रॉबर्ट किड यांच्या पुढाकाराने स्थापन झाली होती. चिनी बंदरांतून निघालेली रोपे सहा-सात महिन्यांच्या समुद्रप्रवासात तग धरत नसत, त्यामुळे वाटेत त्यांना विश्रांती देणाऱ्या बागांना मोठे महत्त्व होते. म्हणूनच फ्रेंच माळी चिनी गुलाबाला 'बंगालचा गुलाब' म्हणू लागले आणि वनस्पतिशास्त्रातही 'रोझा इंडिका' हे दिशाभूल करणारे नाव बराच काळ रुळले. भारतातील डोळाभरणीच्या पुस्तकांत आजही खुंटाच्या यादीत 'इंडिका' हा शब्द दिसतो, त्यामागे हा मुक्काम आहे. वस्तूला ज्या बंदरातून ती मिळाली त्याचे नाव देण्याची ही वसाहतकालीन सवय होती.

लाल रंगाचे रसायन विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिखार्ट विलश्टेटर यांनी निळ्या कॉर्नफ्लॉवरमधून 'सायनिन' हे रंगद्रव्य वेगळे केले आणि पाठोपाठ तेच द्रव्य लाल गुलाबातही असल्याचे दाखवले. 1915 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनासाठीच मिळाले. एकच द्रव्य एका फुलात निळे आणि दुसऱ्यात लाल दिसते, कारण पेशीरसाची आम्लता आणि सोबतची इतर द्रव्ये वेगळी असतात. फूल शिळे होताना पेशीरसाची आम्लता घटते आणि जुना लाल गुलाब जांभळा पडतो, त्याचे कारणही येथेच सापडते.

ज्याला बाजारात 'काळा गुलाब' म्हणतात, त्यात काळे असे कोणतेही रंगद्रव्य नसते. सायनिनचे प्रमाण फार वाढलेले असते आणि पाकळीच्या पृष्ठभागावरील पेशी उंच, शंकूसारख्या असल्यामुळे एका पेशीची सावली दुसरीवर पडते. मखमलीचा भास होतो तो या सावलीमुळे. यामुळेच गर्द लाल वाणांचे काही स्वभावदोषही ठरून गेले आहेत. गडद पाकळी ऊन अधिक शोषते आणि कडक उन्हात तिच्या कडा करपतात. थंडीत रंगद्रव्य अधिक तयार होत असल्याने हिवाळ्यातले फूल सर्वांत गडद दिसते. तेच झाड वैशाखात साधे लाल फूल देते. दख्खनच्या पठारावर गुलाब लावणाऱ्या कोणालाही हा फरक पुस्तकाविना ठाऊक असतो.

पेऑन ते टॉम थम्ब

नेदरलँड्समधील बॉस्कूप हे गाव रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एक साधा माळी यान डी विंक याने 'रूलेती'चा संकर 'ग्लोरिया मुंडी' या पॉलिअँथा गुलाबाशी केला. 'ग्लोरिया मुंडी' 1929 मधला. त्याचा झगझगीत शेंदरी रंग गुलाबात तोवर अपरिचित होता, कारण सायनिनऐवजी पेलार्गोनिडिन या गटातील रंगद्रव्य असणाऱ्या पहिल्या काही गुलाबांत त्याची गणना होते. गुलाबी आणि शेंदरी यांच्या या संकरातून निपजले ते किरमिजी रंगाचे, बुडाशी पांढरा ठिपका असणारे अर्धदुहेरी फूल. झुडूप आईसारखेच बुटके होते.

हा संकर सहज जुळला, याचे एक कारण आज सांगता येते. दोन्ही पालक द्विगुणित, म्हणजे चौदा गुणसूत्रांचे होते. मोठ्या फुलांचे आधुनिक गुलाब बहुतेक चतुर्गुणित, अठ्ठावीस गुणसूत्रांचे असतात आणि त्यांच्याशी केलेल्या संकरातून एकवीस गुणसूत्रांची, बहुधा वांझ किंवा अर्धवांझ रोपे निघतात. दुसरे कारण बुटकेपणाच्या आनुवंशिकतेत आहे. 1987 मध्ये डच संशोधकांनी दाखवून दिले, की बुटक्या चिनी गुलाबातील हे लक्षण एका प्रभावी जनुकामुळे येते. एका पालकाकडून तो जनुक मिळाला तरी रोप बुटके होते. वर्षभर फुलण्याचा गुण याच्या उलट, अप्रभावी आहे. तो दोन्ही पालकांकडून यावा लागतो. 'रूलेती' आणि 'ग्लोरिया मुंडी' दोन्ही सदाफुली असल्याने डी विंकला तो प्रश्न आला नाही. या शास्त्राची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्याने हाताशी असलेली दोन रोपे जुळवली आणि निवड योग्य ठरली.

डी विंकने आपल्या रोपाला 'पेऑन' असे नाव दिले होते. भारतीय कचेऱ्यांत वावरलेल्या वाचकाला या शब्दाने शिपाई आठवेल, आणि ते अगदीच अप्रस्तुत नाही. शब्दाचा मूळ अर्थ पायदळातला सामान्य शिपाई किंवा मजूर असाच आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कोनार्ड-पाइल कंपनीचे रॉबर्ट पाइल यांना हे रोप बॉस्कूपमध्ये दिसले. त्यांनी ते 1936 मध्ये अमेरिकेत आणले ते 'टॉम थम्ब' या नावाने. अंगठ्याएवढ्या बालनायकाचे हे नाव इंग्रजी भाषकांना लहानपणापासून ठाऊक असते. पाइल यांच्या व्यापारी दृष्टीचे कौतुक करावे लागते. शिपायाचा गुलाब घरोघरी गेला असता की नाही, याची शंकाच आहे.

नावाइतकाच निर्णायक ठरला तो कायदा. अमेरिकेने 1930 मध्ये वनस्पती पेटंट कायदा संमत केला आणि 1931 मध्ये पहिले वनस्पती पेटंट मिळाले तेही 'न्यू डॉन' या गुलाबालाच. फाट्यांनी वाढणाऱ्या रोपाची प्रत काढणे कोणालाही शक्य असते, त्यामुळे पूर्वी नवा वाण विकताच त्यावरील मक्तेदारी संपत असे. नव्या कायद्याने सतरा वर्षांचे संरक्षण दिले. 'टॉम थम्ब'ला हे पेटंट लाभले. येथे एक विसंगती लक्षात येते. शंभर वर्षे घराघरांत फाटे देऊन-घेऊन जगवलेल्या 'रूलेती'वर कोणाचाच हक्क नव्हता, आणि तिच्याच पहिल्या अपत्याचा फाटा परवानगीविना लावणे अमेरिकेत बेकायदा ठरले. वंशाचा जुना भाग सार्वजनिक आणि नवा भाग खासगी, अशी ही विभागणी आहे. भारताच्या 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात वाण टिकवणाऱ्या समुदायांच्या वाट्याचा विचार झाला, त्यामागे अशाच उदाहरणांचा दीर्घ अनुभव आहे.

डी विंकने पुढे आणखी लघुगुलाब दिले. 1951 चा 'रेड इम्प' हा 'टॉम थम्ब'चा किरमिजी वंशज, आणि 1953 चा 'सिंड्रेला' हा फिका, जवळजवळ पांढरा. याच सुमारास बार्सिलोनाजवळच्या पेद्रो दोत यांनी 'रूलेती'चा स्वतंत्रपणे उपयोग केला. स्पेनमधील यादवी युद्ध 1939 मध्ये संपले आणि त्यानंतरच्या हलाखीच्या वर्षांत, 1940 ते 1945 या दरम्यान, त्यांचे 'बेबी गोल्ड स्टार', किरमिजी 'पर्ला दे अल्कान्यादा' आणि 'पर्ला दे मोंतसेरात' हे वाण आले.

व्हिसेलियातील सात दशके

लघुगुलाबाला आजचे रूप देण्यात राल्फ मूर (1907-2009) यांचा वाटा सर्वांत मोठा आहे, हे प्रचलित मत मान्य करण्यास हरकत नाही. कॅलिफोर्नियातील व्हिसेलिया येथे त्यांनी 1937 मध्ये सिक्वोया नर्सरी सुरू केली आणि तीनशेहून अधिक वाण दिले. मात्र त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य वाणांच्या संख्येत शोधू नये. बुटका पालक आणि मोठा पालक यांच्यातील गुणसूत्रांची अडचण त्यांनी दीर्घकाळच्या चिकाटीने ओलांडली.

लघुगुलाबाच्या फळात बिया थोड्या असतात. मूर यांनी त्यामुळे लघुगुलाबाचा परागकण घेऊन तो भरपूर बिया धरणाऱ्या मोठ्या रोपांवर लावण्याची पद्धत अवलंबली. कळी उमलण्यापूर्वी पाकळ्या व पुंकेसर काढून टाकायचे, कुक्षी चिकट झाल्यावर त्यावर परागकण लावायचे, फळ पिकण्यास तीन-चार महिने थांबायचे आणि बियांना काही आठवडे थंडाव्यात ठेवून मग पेरायचे, हा क्रम सर्वत्र सारखाच आहे. फरक पडतो तो पालकांच्या निवडीत. मूर यांनी पिवळट गुलाबी 'लिटल डार्लिंग' या फ्लोरिबंडाचा मातृवृक्ष म्हणून पुनःपुन्हा उपयोग केला. दुसरे महत्त्वाचे रोप एक वेल होते, पूर्व आशियातील सरपटणारी जाती 'रोझा विचुराना' आणि जर्मन फ्लोरिबंडा 'फ्लोराडोरा' यांचा संकर. त्याला त्यांनी कधीच नाव दिले नाही. त्यांच्या वहीत आणि जगाच्या गुलाबसाहित्यात ते '0-47-19' या क्रमांकानेच ओळखले जाते. बाजारात कधी न आलेल्या या वेलीची संतती मात्र हजारो बागांत आहे.

अमेरिकन रोझ सोसायटीने 1975 मध्ये लघुगुलाबांसाठी 'अवॉर्ड ऑफ एक्सलन्स' सुरू केले, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत मूर यांचे लाल 'ब्यूटी सीक्रेट' आणि नारिंगी-लाल 'शेरी ॲन' हे वाण होते.

ब्लॅक जेड

'ब्लॅक जेड' हा न्यू जर्सीतील फ्रँक बेनार्डेला यांचा वाण. रोपवाटिका हा बेनार्डेला यांचा व्यवसाय नव्हता. ते हौशी संकरकार आणि प्रदर्शनांत भाग घेणारे गुलाबप्रेमी होते. 1985 मध्ये आलेल्या या वाणाला त्याच वर्षी अवॉर्ड ऑफ एक्सलन्स मिळाले. कळी जवळजवळ काळी दिसते. उमलताना फूल अतिगर्द लाल होते, पाकळ्या तीसहून अधिक असतात आणि त्यांची मांडणी संकरी चहा-गुलाबाप्रमाणे मध्यभागी उंच असते. पूर्ण उमलल्यावर मधले पिवळे पुंकेसर दिसतात आणि गडद पाकळीवर ते विशेष उठून दिसतात. झुडूप सरळ वाढते, पान गर्द हिरवे. सुगंध नावापुरता.

सुगंधाच्या अभावाची चर्चा थोडक्यात करणे योग्य ठरेल. प्रदर्शनातील परीक्षणात गुण मिळतात ते आकाराला, रंगाला, देठ व पानांच्या प्रमाणाला. 1970 नंतरचे लघुगुलाब प्रदर्शनाच्या टेबलाकडे पाहत घडले, आणि 'रूलेती'च्या साध्या, विस्कटलेल्या फुलाची जागा उंच मध्याच्या घोटीव कळीने घेतली. जुने ठसठशीत लाल गुलाब सुगंधासाठीच ओळखले जात, हे लक्षात घेतले तर 'ब्लॅक जेड'मध्ये रंग आला आणि वास वाटेत राहिला, ही हानी लहान म्हणता येणार नाही.

आता वंशावळ. नोंदीनुसार 'ब्लॅक जेड'ची माता 'शेरी ॲन' आणि पिता 'लागुना' हा जर्मनीतील कॉर्डेस घराण्याचा संकरी चहा-गुलाब. 'शेरी ॲन'ची माता 'लिटल डार्लिंग' आणि पिता 'न्यू पेनी' हा मूर यांचा 1962 चा वाण. 'न्यू पेनी' निपजला तो '0-47-19' ही वेल आणि एक लघुगुलाबाचे बिनावाणाचे रोप यांच्यापासून. म्हणजे मातेकडील बाजू अशी : नारिंगी-लाल 'शेरी ॲन', पिवळट गुलाबी 'लिटल डार्लिंग', नारिंगी छटेचा 'न्यू पेनी'. यांपैकी एकही फूल गर्द नाही. काळपट लाल रंगाचे मूळ शोधताना 'लागुना'कडून आलेला अर्धा वाटा गृहीत धरला तरी मातेकडे केवळ फिके रंग होते, असे मात्र म्हणता येत नाही. 'लिटल डार्लिंग'चा पिता 'बेबी शाटो' आणि 'फॅशन' यांचा संकर होता. 'बेबी शाटो' हा कॉर्डेस यांचा 1936 चा गडद किरमिजी फ्लोरिबंडा. 'फॅशन'चा पिता 'क्रिमझन ग्लोरी', 1935 चा, मखमली गर्द लाल गुलाबाचा मानदंडच. दुसऱ्या शाखेत '0-47-19' चा पिता 'फ्लोराडोरा', आणि 'फ्लोराडोरा'ची माता पुन्हा 'बेबी शाटो'. एकच गर्द लाल पूर्वज मातेच्या दोन्ही शाखांत बसला आहे. कागदावरील हिशेबाने 'ब्लॅक जेड'मध्ये 'बेबी शाटो'चा वाटा एका शाखेने सोळावा आणि दुसऱ्या शाखेने बत्तिसावा, म्हणजे एकूण बत्तीस भागांत तीन भाग येतो. तीन पिढ्या फिक्या रंगांखाली राहून तो रंग योग्य जोडीदार मिळताच वर आला असावा.

हा हिशेब नोंदींवर अवलंबून आहे आणि नोंदी नेहमीच निर्दोष नसतात. 'फ्लोराडोरा'च्याच बाबतीत टांटाऊ या संकरकाराने 'रोझा रॉक्सबर्गाय' ही जाती पिता म्हणून नोंदवली. परंतु त्या जातीची सालपटे सुटणारी साल, काटेरी फळ अशी ठळक लक्षणे संततीत न आढळल्यामुळे अभ्यासकांनी या दाव्याविषयी शंका घेतली आहे. वाऱ्याने किंवा मधमाशीने आणलेला परागकण संकरकाराच्या वहीत नोंदला जात नाही.

उरतो तो लघुत्वाचा प्रश्न. 'ब्लॅक जेड' लघुगुलाब आहे, पण त्याच्या ज्ञात पूर्वजांपैकी 'लिटल डार्लिंग' फ्लोरिबंडा, 'लागुना' चहा-गुलाब आणि '0-47-19' वेल. बुटकेपणाचा जनुक केवळ एकाच वाटेने येऊ शकतो, आणि ती वाट 'न्यू पेनी'च्या त्या बिनावाणाच्या रोपातून जाते. वंशावळीत या रोपाचा वाटा आठवा. जनुक प्रभावी असल्यामुळे इतक्या थोड्या वाट्यातूनही तो टिकू शकला, मात्र प्रत्येक पिढीत शेकडो उंच रोपे बाजूला काढून बुटकी तेवढी निवडण्याचे काम माणसालाच करावे लागले. त्या रोपाच्या पलीकडे, 'टॉम थम्ब'मार्गे असो वा अन्य कोणत्या बुटक्या चिनी गुलाबामार्गे, खिडकीतल्या कुंड्यांपर्यंत आणि त्याहीपूर्वी चिनी बागांपर्यंत धागा जातो. प्रचलित कथनात रूले, डी विंक आणि मूर ही तीन नावे ठळक दिसतात, आणि जेथे वंशावळीचा खरा सांधा आहे तेथे एक ओनानची अनामिक स्त्री आणि एक अनामिक रोप आहे.

मूर यांची सिक्वोया नर्सरी 2008 मध्ये बंद झाली आणि पुढील वर्षी, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी त्यांनी आपले संकर-साहित्य टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या गुलाबसुधार कार्यक्रमाकडे सोपवले.